प्रतिमेमागचा चेहरा

धर्मग्रामाच्या वार्षिक सणाची मिस्सा आटोपली की चर्चच्या पटांगणात वाहनांची रांग लागते. कुणाची नवी स्कूटर, कुणाचा भाजीपाला वाहणारा टेम्पो, कुणाची रिक्षा. पवित्र पाणी शिंपडून व प्रार्थना म्हणून आम्ही त्यांना आशीर्वाद देतो. आरशाला लोंबणारी रोझरी, चालकापुढे चिकटविलेली संत ख्रिस्तोफरची तबकडी, पवित्र मरियेची लहानशी मूर्ती ही आमच्या परिचयाची दृश्ये. परंतु अशाच एका सणाला एका तरुणाने आणलेल्या जुन्या मोटारीवर आम्हांला एक वेगळीच मूर्ती दिसली. बॉनेटच्या अगदी पुढच्या टोकावर, पुढे झुकलेली, दोन्ही हात मागे पसरलेली, अंगावरचे वस्त्र पंखांसारखे फडफडत असलेली एक स्त्री. मुंबईच्या बाजारातून हौसेने विकत आणलेली ती नक्कल होती. त्या तरुणाच्या आजीने मूर्तीकडे पाहून क्रुसाची खूण केली आणि आम्हांला विचारले, "फादर, हा कोणता देवदूत हो?"

"आजी, हा देवदूत नव्हे," एवढेच उत्तर त्या गर्दीत आम्ही देऊ शकलो. पण प्रश्न मनातून गेला नाही. प्रतिमा दिसली की ती कोणाची, हे विचारण्याची सवय आपल्या वडीलधाऱ्यांना धर्मानेच लावली आहे. म्हणून त्या आजींना द्यावयाचे राहिलेले उत्तर आम्ही येथे सविस्तर देत आहोत. ही हकीकत इंग्लंडची आहे. तथापि तिचा एक धागा मुंबईच्या बंदरापर्यंत येऊन पोहोचतो, हे वाचकांना पुढे दिसून येईल.

मोटारीच्या अग्रभागी मूर्ती बसविण्याच्या प्रथेचा आरंभ एका संतापासून झाला, असे सांगितले तर अनेकांना नवल वाटेल. एकोणिसावे शतक संपत असताना इंग्लंडात मोटार ही श्रीमंतांची, किंबहुना धाडसी श्रीमंतांची वस्तू होती. अशा धाडसी मंडळींत जॉन मॉन्टेग्यू हा उमराव अग्रेसर होता. १८६६ साली जन्मलेला हा गृहस्थ पार्लमेंटचा सभासद होता व १९०५ साली वडिलांच्या पश्चात ब्यूली येथील जहागिरीचा दुसरा लॉर्ड झाला. त्याने आपल्या डेम्लर गाडीवर संत ख्रिस्तोफरची ब्राँझची मूर्ती बसविली होती. मोटारीवर मूर्ती लावल्याचे इंग्लंडातील हे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. ख्रिस्तोफर म्हणजे ख्रिस्ताला वाहून नेणारा. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा तो बलदंड पुरुष प्रवाशांचा आश्रयदाता मानला जातो. १९६९ साली ख्रिस्तसभेने उपासना-दिनदर्शिकेची पुनर्रचना केली, तेव्हा त्याचा सण सार्वत्रिक यादीतून वगळण्यात आला. परंतु त्याचे संतपद काढून घेतले गेले नाही आणि श्रद्धाळूंनीही त्याला सोडले नाही.

या पहिल्या मूर्तीचा अर्थ उघड होता. वाहन आपल्याला वाहून नेते. आपल्याला कोण वाहून नेतो, याचे स्मरण ती मूर्ती देत होती. पुढे मात्र या प्रथेला निराळे वळण लागले.

४ मे १९०४ रोजी मँचेस्टर शहरातील मिडलँड हॉटेलात दोन माणसांची भेट झाली. एक हेन्री रॉइस, गरिबीतून वर आलेला, कामात रात्रंदिवस बुडालेला यंत्रज्ञ. दुसरा चार्ल्स रोल्स, उमराव घराण्यातील, मोटारी विकणारा व विमानविद्येचा नाद असलेला तरुण. या भेटीतून रोल्स-रॉइस या नावाचा जन्म झाला. १९०७ साली नावारूपास आलेली त्यांची 'सिल्व्हर घोस्ट' ही गाडी आवाज न करणारी, न हादरणारी म्हणून गाजली. 'घोस्ट' म्हणजे भूत. चाहूल लागू न देता येते व जाते ते. या कंपनीचा व्यवहार सांभाळणारा चतुर कारभारी क्लॉड जॉन्सन हा होता. तो पूर्वी इंग्लंडच्या ऑटोमोबाइल क्लबचा चिटणीस होता. दोन संस्थापकांची नावे जगाला ठाऊक असली तरी ती नावे जगभर पोहोचविण्याचे श्रेय पुष्कळ अंशी जॉन्सनचे आहे.

त्या सुमारास मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर काही ना काही बसविण्याची लाटच आली होती. कुणी काळे मांजर बसवी, कुणी पोलीस शिपायाचे सोंग, कुणी चिंध्यांच्या बाहुलीसारखे ध्यान. एवढ्या मोलाच्या व देखण्या गाडीवर असली ध्याने पाहून जॉन्सनला वैताग आला. गाडीला शोभेल असे कंपनीचे स्वतःचे चिन्ह असले पाहिजे, असे त्याने ठरविले आणि चार्ल्स साइक्स या शिल्पकाराकडे ते काम सोपविले. साइक्सचा जन्म १८७५ साली यॉर्कशायर परगण्यात झाला होता. मॉन्टेग्यूने १९०२ साली सुरू केलेल्या 'द कार इलस्ट्रेटेड' या नियतकालिकासाठी तो चित्रे काढीत असे, आणि रोल्स-रॉइसच्या माहितीपत्रकासाठीही त्याने तैलचित्रे रंगविली होती.

जॉन्सनच्या मनात एक नमुना होता. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ग्रीकांच्या विजयदेवतेची, म्हणजे नायकीची, एक भव्य संगमरवरी मूर्ती आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील ही मूर्ती १८६३ साली सॅमोथ्रेस बेटावर भग्नावस्थेत सापडली. तिला मस्तक नाही, हात नाहीत. तरी जहाजाच्या नाळेवर येऊन उतरणारी ती पंखवती वाऱ्याचा झोत अंगावर घेत आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. साइक्सने ही कल्पना ऐकून घेतली. परंतु रणांगणावरील विजयाची ती रुबाबदार देवता या गाडीला साजेशी नाही, असे त्याचे मत पडले. त्या गाडीचा गुण गर्जना हा नसून निःशब्द वेग हा होता. म्हणून त्याने अधिक नाजूक, अधिक हलकी स्त्रीमूर्ती योजिली. प्रवासातच परम आनंद मानणारी आणि वाऱ्याच्या स्पर्शासाठी गाडीच्या अग्रावर येऊन उतरलेली एक देवता, अशी त्याची कल्पना होती. पंख म्हणून जे दिसते ते पंख नसून तिच्या बाह्यांवरून मागे उडणारे वस्त्रच आहे.

६ फेब्रुवारी १९११ रोजी या मूर्तीची कंपनीच्या नावे नोंदणी झाली. आरंभी तिला 'वेगाची देवता' अशा अर्थाचे नाव होते. पुढे 'स्पिरिट ऑफ एक्स्टसी' हे नाव रूढ झाले. यातील 'एक्स्टसी' या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे व त्याचा अर्थ स्वतःच्या बाहेर उभे राहणे असा होतो. आपल्या आध्यात्मिक परंपरेत हा शब्द फार जपून वापरतात. ईश्वराच्या प्रेमात जीव स्वतःला विसरून जातो, त्या अवस्थेला तो लावला जातो. बर्निनी या शिल्पकाराने सतराव्या शतकाच्या मध्यास रोम येथील सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चसाठी अविलाच्या संत तेरेझाची जी मूर्ती घडविली, तिच्यात हीच अवस्था दाखविली आहे. वेगाच्या सुखाला तोच शब्द मिळावा, ही गोष्ट विसाव्या शतकाबद्दल बरेच काही सांगून जाते.

गंमत अशी की ज्या दोघांच्या नावाने ती गाडी ओळखली जाते, त्यांचा या मूर्तीशी संबंध नव्हता म्हटले तरी चालेल. रोल्स १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान कोसळून मरण पावला होता. रॉइस आजारी होता, आणि मूर्ती त्याला मुळीच आवडली नाही. चालकाच्या दृष्टीआड येणारी ही एक नसती अडचण आहे, असे त्याचे मत होते, आणि आपल्या वापरातील गाडीवर त्याने ती क्वचितच लावू दिली. आरंभी ती मूर्ती वेगळे पैसे मोजून घ्यावी लागे. तरीही लोकांनी ती उचलून धरली. १९२० साली पॅरिस येथे भरलेल्या स्पर्धेत तिच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या आवृत्तीला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे १९३४ साली साइक्सनेच तिचे गुडघे टेकलेले रूपही घडविले, कारण बसक्या बांधणीच्या नव्या गाड्यांवर उभी मूर्ती उंच वाटू लागली होती.

ती ओतण्याची रीत प्राचीन होती व ती समजून घेण्यासारखी आहे. प्रथम मूर्ती मेणात घडवावयाची. तिच्याभोवती मातीसारख्या द्रव्याचा जाड लेप द्यावयाचा. मग भट्टीत तापविले की मेण वितळून वाहून जाते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा, थंड झाल्यावर साचा फोडावयाचा, आणि हाताने कानशीत घासून मूर्ती साफ करावयाची. १९२८ पर्यंत साइक्स स्वतः हे काम पाहत असे व पुढे त्याची कन्या जोसेफीन पाहू लागली. हातकामामुळे त्या काळातील कोणत्याही दोन मूर्ती हुबेहूब एकसारख्या नाहीत. या रीतीत दरवेळी एक मेणाची मूर्ती नाहीशी होते, तेव्हाच धातूची मूर्ती जन्मास येते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आता आम्ही त्या मूर्तीमागच्या स्त्रीकडे वळत आहोत.

तिचे नाव एलिनॉर वेलास्को थॉर्न्टन. १८८० साली लंडनच्या स्टॉकवेल भागात तिचा जन्म झाला. ऑटोमोबाइल क्लबच्या कचेरीत ती क्लॉड जॉन्सनच्या हाताखाली नोकरीस होती. १९०२ साली मॉन्टेग्यूने नियतकालिक सुरू केले, तेव्हा ती त्याची चिटणीस म्हणून तेथे गेली. हुशार, कामसू, मोटारीच्या जगातील सर्वांशी परिचित असलेली ही तरुणी साइक्ससमोर शिल्पाचा नमुना म्हणूनही उभी राहत असे. रोल्स-रॉइसच्या मूर्तीला तिच्याच देहाचा व चेहऱ्याचा आधार आहे, अशी परंपरा आहे.

मॉन्टेग्यू विवाहित होता. १८८९ साली त्याचा लेडी सेसिल कर हिच्याशी विवाह झाला होता. तरीही त्याचे व एलिनॉरचे प्रेमसंबंध जुळले, व ते तिच्या मृत्यूपर्यंत टिकले. १९०३ साली तिला एक कन्या झाली. तिला इतरांच्या हाती वाढविण्यास दिले गेले. आईच्या घरी आईची लेक म्हणून ती वाढली नाही. त्या काळच्या इंग्लंडात अविवाहित स्त्रीने मूल जवळ ठेवले असते तर तिची नोकरी व अब्रू दोन्ही गेली असती. पुरुषाची अब्रू मात्र अशा प्रसंगी सहसा जात नसे.

आम्ही धर्मगुरू आहोत. जे पाप आहे त्याला आम्ही दुसरे नाव देणार नाही. विवाहाचे वचन हे देवासमोर दिलेले वचन आहे, आणि ते मोडल्याने लेडी सेसिलच्या वाट्याला जे आले त्याची मूर्ती कोणत्याही शिल्पकाराने घडविली नाही. परंतु दगड उचललेल्या जमावासमोर खाली वाकून धुळीत लिहिणारा आपला प्रभू आम्हांला ठाऊक आहे. त्या प्रसंगी स्त्रीला ओढून आणले गेले होते, तिच्याबरोबरचा पुरुष मात्र कोठेच नव्हता. इंग्लंडातील या हकीकतीतही पुरुषाचे नाव सर्वत्र होते आणि स्त्रीला सावलीत राहावे लागले, हे लक्षात घेतल्यावाचून न्याय होणार नाही.

या संबंधाची साक्ष देणारी आणखी एक मूर्ती आहे. रोल्स-रॉइसच्या मूर्तीपूर्वीच मॉन्टेग्यूने आपल्या सिल्व्हर घोस्टसाठी साइक्सकडून एक मूर्ती करवून घेतली होती. तिच्यातही वस्त्र वाऱ्यावर सोडलेली तरुणीच आहे. परंतु तिने एका हाताचे बोट आपल्या ओठांवर ठेवले आहे. तिचे नाव 'द व्हिस्पर', म्हणजे कुजबूज. ही मूर्ती एलिनॉरवरून घडविली गेली. ज्यांना ठाऊक होते त्यांना तिचा अर्थ कळे. इतरांना ती एक गोड खोडी वाटे. जिला आपले नाव सांगण्याची मुभा नव्हती, तिच्याच हाताने तिच्याच तोंडावर बोट ठेवविले गेले. कलाकृती म्हणून ती मोहक आहे हे आम्ही मान्य करतो. पण तिच्याकडे पाहून आमच्या मनाला आनंद होत नाही.

१९१५ साली पहिले महायुद्ध पेटलेले होते. मॉन्टेग्यूची हिंदुस्थान सरकारकडे यांत्रिक वाहतुकीचा सल्लागार म्हणून नेमणूक झाली होती. तो पी. अँड ओ. कंपनीच्या 'पर्शिया' या बोटीने निघाला व एलिनॉर त्याच्या सोबत होती. बोट मुंबईला यावयाची होती. नाताळ उलटून पाच दिवस झाले होते. ३० डिसेंबर रोजी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, क्रीट बेटाच्या दक्षिणेस भूमध्य समुद्रात जर्मनांच्या यू-३८ या पाणबुडीने कोणतीही पूर्वसूचना न देता या प्रवासी बोटीवर पाणतीर सोडला. पाणबुडीचा कप्तान माक्स व्हालेंटिनर हा होता. दहा मिनिटांच्या आत बोट बुडाली. बोटीवर ५१९ माणसे होती. त्यांपैकी ३४३ मरण पावली. एलिनॉर त्यांत होती. ती पस्तीस वर्षांची होती.

मॉन्टेग्यू वाचला. त्याने हवा भरलेले जाकीट अंगात घातले होते. फुटक्या, पालथ्या होडीला धरून त्याने व इतर काहींनी, ज्यांत हिंदी खलाशीही होते, सुमारे दीड दिवस समुद्रात काढला. एकेकाचे हात गळून पडत गेले. अखेर 'निंगचाव' नावाच्या आगबोटीने उरलेल्यांना वर घेतले. तोवर इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी त्याचे मृत्युलेखही छापून टाकले होते, आणि घरी परतल्यावर त्याला ते वाचावयास मिळाले.

येथे आम्हांला आपल्या लोकांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पी. अँड ओ. च्या बोटींवर डेकच्या व इंजिनाच्या कामाला हिंदी खलाशी, आणि जेवणघरात व मुदपाकखान्यात गोव्याचे ख्रिस्ती लोक ठेवण्याचा प्रघात होता. मुंबईच्या धोबीतलाव व माझगाव भागांतील गोवेकरांच्या 'कूडां'विषयी आमच्या वाचकांना ठाऊकच आहे. गावाच्या नावाने चालणाऱ्या त्या खोल्यांत भिंतीशी एक आल्तार असे, आणि बोटीवर गेलेल्यांच्या पेट्या रांगेने ठेवलेल्या असत. कोणकोणत्या बोटींनी किती पेट्या धन्याविना ठेविल्या, हे त्या भिंतींनाच माहीत. 'पर्शिया'वर पाणतीर आदळला तो जेवणाच्या वेळी. त्या वेळी हातात ताटे घेऊन उभी असलेली माणसे कोण असावीत, याची कल्पना वाचकांनीच करावी. मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्या महायुद्धात मरण पावलेल्या व समुद्राखेरीज दुसरी कबर न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. बोटीसोबत कपूरथळ्याचे महाराज जगतजित सिंग यांचे जडजवाहीर बुडाले, ही गोष्ट मात्र सर्वांच्या ध्यानात राहिली, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे तीन हजार मीटर खोलीवर त्या बोटीचा शोध लागला तो याच संपत्तीच्या ओढीने.

आता आम्ही वाचकांना इंग्लंडच्या दक्षिणेस, ब्यूली गावी नेतो. १२०४ च्या सुमारास जॉन राजाने तेथे सिस्टर्सियन संन्याशांचा मठ स्थापन केला होता. १५३८ साली आठव्या हेन्री राजाच्या कारकिर्दीत मठ मोडण्यात आला, जमीन उमरावांकडे गेली व मोठे चर्च जमीनदोस्त झाले. संन्याशांचे भोजनगृह तेवढे शिल्लक राहिले, आणि तेच आज गावाचे, इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचे, मंदिर आहे. भिंतीतच कोरलेला एक दगडी सज्जा तेथे अद्याप पाहावयास मिळतो. संन्यासी मौन पाळून जेवीत आणि एक बंधू त्या सज्जात उभा राहून धर्मग्रंथ वाची. तेही तोंडावर बोट ठेवणेच होते. परंतु ते ऐकण्यासाठी होते, लपविण्यासाठी नव्हते.

त्याच चर्चमध्ये मॉन्टेग्यूने एक स्मृतिफलक बसविला. आपण समुद्रातून वाचलो याबद्दल कृतज्ञता आणि आपली एकनिष्ठ सेवा केलेल्या एलिनॉर थॉर्न्टनचे स्मरण, असा त्याचा आशय आहे. आपल्या पत्नीच्या व गावाच्या डोळ्यांदेखत, देवाच्या घरात तिचे नाव कोरविणे त्या काळी सोपे नव्हते. त्या मनुष्याच्या आयुष्यातील पुष्कळ गोष्टी आम्हांला पटत नाहीत. ही एक गोष्ट मात्र आम्ही त्याच्या बाजूस मांडतो. बारा-तेरा वर्षे ओठांवर बोट ठेवून घडविलेल्या प्रतिमेपेक्षा दगडावरचे ते नाव अधिक खरे होते. ते पुरेसे होते काय? नाही. 'सेवा' या शब्दाने पुष्कळ झाकले गेले, आणि तिच्या लेकीचा त्यात उल्लेखही नाही. पण नाव तेथे आहे, व ज्याला प्रार्थना करावयाची आहे त्याला नाव पुरते.

मॉन्टेग्यू १९२९ साली वारला. त्याच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने १९५२ साली ब्यूली येथे मोटारींचे संग्रहालय उघडले. साइक्स १९५० साली निवर्तला. मूर्ती मात्र चालतच राहिली. युरोपातील धनिकांप्रमाणेच हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांच्या वाड्यांतही ती रोल्स-रॉइस गाड्यांवर मिरविली. २००३ पासूनच्या गाड्यांत अशी योजना आहे की एक कळ दाबताच ती गाडीच्या नाकाडात आत उतरून जाते, जेणेकरून कोणी चोरू नये. २०२२ साली कंपनीने तिचे नवे रूप जाहीर केले. पूर्वीच्या सुमारे १०० मिलिमीटर उंचीऐवजी नवी मूर्ती सुमारे ८३ मिलिमीटरांची आहे. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून तिला अधिक झुकविले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रतिमा पूजणे योग्य की अयोग्य, या वादाने एके काळी ख्रिस्तसभा हादरली होती. आठव्या शतकात पूर्वेकडील सम्राटांनी चर्चमधील प्रतिमा फोडविल्या, त्या जपणाऱ्यांचा छळ केला. तेव्हा ७८७ साली नायसिया येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेत धर्माचार्यांनी निर्णय दिला. त्याचे सार असे की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेजवळ थांबत नाही. ती ज्या व्यक्तीची आहे त्या व्यक्तीकडे तो जातो. म्हणून आपण संतांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावतो ती लाकडाला किंवा मातीला नव्हे. त्या मागे एक जीव आहे, त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी आपले बोलणे आहे. नाव नाहीसे झाले की उरते ती केवळ वस्तू.

हा निर्णय आम्ही सेमिनरीत शिकलो तेव्हा तो जुन्या काळच्या भांडणाचा निकाल वाटला होता. मोटारीवरच्या या स्त्रीची हकीकत वाचताना त्याचा अर्थ आम्हांला नव्याने उमगला. येथे मान दिला जातो, पण तो प्रतिमेमागच्या व्यक्तीकडे जात नाही; तो गाडीच्या मालकाकडे जातो. मूर्ती पाहून पाहणारा म्हणतो, केवढा श्रीमंत माणूस! एलिनॉर थॉर्न्टन हे नाव त्याच्या मनातही येत नाही. भट्टीत मेण वाहून जावे तशी ती वाहून गेली आणि तिच्या पोकळीत दुसऱ्यांचे वैभव ओतले गेले. यात कलेचा दोष नाही. साइक्सने आपले काम चोख केले. दोष आहे तो माणसाला चिन्ह करून टाकणाऱ्या व मग माणूस विसरून जाणाऱ्या सवयीचा.

ही सवय केवळ इंग्लंडच्या उमरावांची आहे असे कोणी समजू नये. आपल्या दिवाणखान्यात आई-वडिलांची मोठी तसबीर असते, तिच्यावर विजेचा दिवा असतो. पण त्यांच्या नावाची मिस्सा शेवटची केव्हा सांगितली, हे आठवावे लागते. बोटीवरून घर चालविणाऱ्या आजोबांच्या पैशांवर बंगला उभा राहिला, त्यांचे नाव दारावरच्या पाटीवर नाही. आणि काही घरांत अशीही नावे असतात की जी घ्यावयाची नाहीत म्हणून मुलांना ओठांवर बोट ठेवून सांगितले जाते. लग्नाआधी आई झालेली आत्या, घर सोडून गेलेली बहीण, दत्तक म्हणून दूर पाठविलेले मूल. त्यांच्या चुका असतील; त्यांच्यावर झालेले अन्यायही असतील. परंतु देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेला एकही जीव असा नाही, की ज्याचे नाव त्याच्या वेदीसमोर घेता येत नाही.

त्या आजी पुन्हा भेटल्या त्या नोव्हेंबर महिन्यात, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत. वहीतली नावे वाचून झाल्यावर आम्ही त्यांना या मूर्तीची सारी हकीकत थोडक्यात सांगितली. त्या पूर्ण ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "म्हणजे बिचारी मुंबईलाच येत होती. फादर, तिचे नाव एकदा घ्या की मग. आणि बोटीवरच्या त्या गरिबांसाठीही एक आमच्या बापा म्हणा."

आम्ही तसे केले. नातवाच्या गाडीवर ती मूर्ती अजून आहे; ती काढावयास आम्ही सांगितले नाही. आता त्या घरात ती कोणाची, हे सर्वांना ठाऊक आहे.